सरकारी संस्थेचा प्रमुख शोधायचा आहे? सर्च फर्म नेमण्याआधी आणि नेमल्यावर

राज्य सरकारच्या एखाद्या कंपनीत किंवा न्यासात तुम्ही कंपनी सेक्रेटरी, मनुष्यबळ विभागाचे प्रमुख किंवा संचालक म्हणून नुकतेच आला आहात. व्यवस्थापकीय संचालकांची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे. बोर्डाच्या बैठकीत कुणीतरी म्हणाले, “या वेळी बाहेरचा चांगला माणूस आणू या, एखादी सर्च फर्म नेमा.” इतिवृत्तात एक ओळ आली आणि काम तुमच्या टेबलावर आले. खासगी कंपन्यांना हे नवे नाही. मुंबईत बीकेसी, लोअर परळ, नरिमन पॉइंट इथे वरिष्ठ पदांसाठी माणसे शोधून देण्याचा हाच व्यवसाय करणाऱ्या देशी-परदेशी फर्म बसलेल्या आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत मात्र याच कामाला निविदा, माहितीचा अधिकार, लेखापरीक्षण आणि न्यायालय अशी चौकट असते. ती सांभाळून योग्य माणसापर्यंत कसे पोहोचायचे, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

सर्च फर्म माणूस शोधते, निवडत नाही. निवड बोर्डाची आणि सरकारची. आपल्याला नेमके काय हवे हे ज्या बोर्डाने ठरवलेले नाही, त्याला सर्वांत महागडी फर्मही फार उपयोगी पडत नाही. म्हणून या लेखात फर्म नेमण्याआधीच्या कामावर मी जास्त जागा खर्च केली आहे.

पहिली पायरी : नेमणुकीचा अधिकार कुणाचा ते तपासा

मुंबईतल्या प्रत्येक सार्वजनिक संस्थेला हा मार्ग खुला नाही. महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमते. हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम, माझगाव डॉक यांसारख्या केंद्रीय उपक्रमांच्या प्रमुखपदांसाठी सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ, म्हणजे पीईएसबी शिफारस करते. सरकारी बँका आणि विमा कंपन्यांसाठी जुलै २०२२ पासून फायनान्शियल सर्व्हिसेस इन्स्टिट्यूशन्स ब्युरो हे काम करतो. त्याआधी २०१६ पासून बँक्स बोर्ड ब्युरो होता. विद्यापीठाच्या कुलगुरूंसाठी कायद्यानेच शोध समिती ठरवून दिली आहे. अशा ठिकाणी बोर्डाला वाटले म्हणून फर्म नेमता येत नाही.

उरतात त्या विशिष्ट प्रकल्पासाठी काढलेल्या सरकारी कंपन्या, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्या, सरकारी अनुदानावरचे न्यास, संग्रहालये, संशोधन संस्था आणि सरकारचा वाटा असलेले गुंतवणूक निधी. तुमची संस्था यात बसत असेल तर सगळ्यात आधी आर्टिकल्स ऑफ असोसिएशन (कंपनीची अंतर्गत नियमावली) किंवा न्यासाची घटना उघडा आणि प्रमुखाच्या नेमणुकीचे कलम शब्दशः वाचा. राज्याच्या अनेक कंपन्यांत व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक राज्यपालांच्या, म्हणजे प्रत्यक्षात प्रशासकीय विभागाच्या हाती असते. तसे असेल तर बोर्डाचा ठराव पुरेसा नाही. विभागाला पत्र लिहून, बाहेरून उमेदवार शोधण्यास आणि त्यासाठी फर्म नेमण्यास लेखी मान्यता घ्या. वेतनाची मर्यादा वित्त विभागाच्या सहमतीने ठरणार असेल तर तीही याच वेळी मागा. शेवटी मागितलेल्या मान्यता वेळेवर येत नाहीत, आणि तोवर उमेदवार दुसरीकडे रुजू होतो.

आरक्षणाच्या प्रश्नावरही विधी सल्लागाराचे लेखी मत फाईलवर ठेवा. एकच पद असलेल्या संवर्गात आरक्षण लागू करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या प्रकरणात दिला होता. पण तुमचे पद खरोखर एकटे आहे की काही पदांच्या गटातले, हे कुणीतरी जबाबदारीने लिहून द्यायला हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने केंद्रातल्या ४५ पदांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांच्या थेट भरतीची (लॅटरल एंट्री) जाहिरात काढली आणि आरक्षणाच्या मुद्द्यावरून काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. हा प्रश्न जाहिरातीनंतर उपस्थित झाला तर सगळे काम थांबते.

बाहेरचा माणूस सरकारी उपक्रमाचा प्रमुख होऊ शकतो का, अशी शंका बोर्डावर कुणीतरी घेतेच. उदाहरणे मुंबईतच आहेत. २०१५ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या प्रमुखपदी पी. एस. जयकुमार खासगी क्षेत्रातून आले. २०२४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमच्या अध्यक्षपदासाठी पीईएसबीने मुलाखती घेतल्या आणि कुणाचीच शिफारस केली नाही. पुढे शोध-निवड समितीच्या मार्गाने मार्च २०२५ मध्ये सल्लागार क्षेत्रातले विकास कौशल त्या पदावर आले. आणि थोडे मागे गेलो तर ई. श्रीधरन आहेत. ते बाहेरचे नव्हते, रेल्वेचेच होते, पण १९९० मध्ये निवृत्त झाल्यावर कोकण रेल्वेची धुरा त्यांच्याकडे सोपवली गेली. काम कोणते आहे हे ठरवून त्यासाठी माणूस हुडकला की काय होते, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरी पायरी : कामाचे एक पान लिहा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. मागच्या वेळची जाहिरात काढतात, तारीख बदलतात आणि फर्मला पाठवतात. त्या जाहिरातीत ‘किमान २५ वर्षांचा अनुभव, पैकी तीन वर्षे समकक्ष वेतनश्रेणीत’ अशी अट असते. सरकारबाहेरच्या माणसाला वेतनश्रेणीच नसते, त्यामुळे तो पहिल्याच चाळणीत गळतो. मग फर्मला पैसे देऊन तुम्ही तेच अर्ज मिळवता जे एका जाहिरातीने फुकट आले असते.

त्याऐवजी बोर्डाच्या सदस्यांशी एकेकट्याने बोला. अध्यक्ष, सरकारचे प्रतिनिधी, स्वतंत्र संचालक, भागीदार संस्थेचा प्रतिनिधी अशा प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा. येत्या तीन वर्षांत संस्थेने कोणत्या तीन गोष्टी पूर्ण केल्या पाहिजेत? आजच्या प्रमुखांच्या कामात काय टिकवायचे आणि काय बदलायचे? नव्या माणसाला कोणते निर्णय स्वतः घेता येतील आणि कशासाठी मंत्रालयात फाईल पाठवावी लागेल? उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. एका संचालकाला वेळेत बांधकाम पुरे करणारा अभियंता हवा असतो, दुसऱ्याला कर्ज उभारणारा वित्ततज्ज्ञ, तिसऱ्याला खात्याशी नीट जुळवून घेणारा प्रशासक. हे मतभेद आत्ताच मिटवा. मुलाखतीच्या दिवशी ते उमेदवारासमोर उघडे पडले तर चांगला उमेदवार त्या संध्याकाळीच नकार कळवतो.

या सगळ्यातून एका पानाचा मजकूर तयार करा आणि तो बोर्डाच्या ठरावाने मंजूर करून घ्या. त्यात पुढच्या तीन वर्षांची कामे, अधिकारांच्या मर्यादा, कर्मचारीसंख्या, वार्षिक अंदाजपत्रक, मुदत, वेतनाची कक्षा आणि संस्थेपुढची अडचण असावी. अडचण लपवू नका. प्रकल्प रखडलाय, न्यायालयात दावे आहेत, कामगार संघटनेशी करार संपलाय, जे असेल ते लिहा. अनुभवी माणूस दोन फोन करून ते शोधूनच काढतो, आणि तुम्ही सांगितले नव्हते हेही लक्षात ठेवतो.

मराठीचा मुद्दाही याच पानावर ठरवा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि राज्याच्या संस्थांचा पत्रव्यवहार, विभागाकडून येणारी टिपणी, विधिमंडळाचे तारांकित प्रश्न हे सगळे मराठीत असते. प्रमुखाला मराठी वाचता-बोलता यायलाच हवी, की रुजू झाल्यावर ठरावीक मुदतीत शिकली तरी चालेल? माझे मत असे की लोकांशी रोजचा संबंध असलेल्या संस्थेत ही अट अनिवार्य असावी, आणि निधी किंवा तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या संस्थेत मुदत देऊन शिकण्याची. दोन्हींपैकी काहीही ठरवा, पण जाहिरातीआधी ठरवा.

कारण नंतर बदलता येत नाही. भरती सुरू झाल्यावर निवडीचे नियम मध्येच बदलू नयेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक प्रकरणात पुन्हा अधोरेखित केले. “उमेदवार उत्तम आहे, वयाची अट दोन वर्षांनी शिथिल करू,” हा सल्ला बोर्डावर कुणीतरी देईल. तो ऐकला तर ज्यांनी वयामुळे अर्जच केला नाही, त्यांना न्यायालयात जायला कारण मिळते.

तिसरी पायरी : वेळापत्रक

फर्म नेमायला दोन ते तीन महिने धरा, शोधापासून शिफारशीपर्यंत चार ते पाच, मान्यतेला एक-दोन आणि निवडलेल्या व्यक्तीच्या नोटीस पीरियडला तीन. म्हणजे मुदत संपण्याच्या वर्षभर आधी सुरुवात हवी. उशीर झाला की पद ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून एखाद्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेच रेंगाळते. कॅलेंडरवर चार गोष्टी आधीच ठळक करा : निवडणुकीची आचारसंहिता, मुंबईतले अर्थसंकल्पीय अधिवेशन, डिसेंबरमध्ये नागपूरला भरणारे हिवाळी अधिवेशन आणि गणपती-दिवाळी. अधिवेशनाच्या काळात सचिव तुमच्या मुलाखतीला बसणार नाहीत, आणि आचारसंहिता लागली तर जाहिरातही अडकू शकते.

चौथी पायरी : फर्मची निवड

या व्यवसायात दोन पद्धती आहेत. एकीत फर्मला काम सोपवतानाच नेमून फी टप्प्याटप्प्याने दिली जाते. याला रिटेनर म्हणतात. दुसरीत माणूस रुजू झाला तरच पैसे. दुसरी पद्धत सरकारी मनाला जास्त पटते, कारण ‘काम झाले तर दाम’. पण प्रमुखपदासाठी ती घेऊ नका. पैसे फक्त रुजू होण्यावर अवलंबून असले की फर्म हाताशी असलेली नावे पुढे करते. तुमच्या पदाकडे ज्याचे लक्षच नाही, अशा व्यक्तीला तीन-चार वेळा भेटून पटवण्याचे कष्ट ती घेत नाही. आणि तुम्ही पैसे देता ते नेमके याच कष्टांचे. जे अर्ज करणारच होते त्यांना जाहिरातही गाठते.

फी किती? खासगी क्षेत्रातला जुना प्रघात पहिल्या वर्षाच्या एकूण वेतनाच्या एक तृतीयांशाचा. सरकारी संस्थेला तो दोन कारणांनी सोयीचा नाही. एक तर वेतन जितके वाढेल तितकी फी वाढते, म्हणजे वाटाघाटीत फर्मचा स्वार्थ तुमच्या विरुद्ध बाजूला जातो. दुसरे, सरकारी वेतन कमी असल्याने टक्केवारीची फी चांगल्या फर्मला परवडत नाही. सातव्या वेतन आयोगात केंद्रीय सचिवाचे मूळ वेतन महिना २,२५,००० रुपये आहे. त्या पातळीच्या आसपास तुमची कक्षा असेल तर फर्म आपली नवखी मंडळी या कामाला लावेल. म्हणून ठरावीक रकमेची फी मागवा. समजा वार्षिक वेतन ६० लाख आहे. एक तृतीयांश म्हणजे २० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ लाख ६० हजार. अंदाजपत्रकाला हा आकडा धरा, उमेदवारांचा प्रवास आणि जाहिरातीचा खर्च वेगळा ठेवा.

आता निविदा. सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, या तत्त्वावर सर्च फर्म निवडली तर ते काम वाया जाते, असे मी ठामपणे म्हणेन. गुणवत्ता आणि किंमत यांना एकत्रित गुण देण्याची पद्धत, म्हणजे क्यूसीबीएस, वापरा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १९२ मध्ये ती आहे आणि गुणवत्तेला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येते. राज्याच्या संस्थांनी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आणि स्वतःचे खरेदी नियम पाहून त्यात ही पद्धत बसवावी, आणि तसे कारण टिपणीत लिहावे.

वजनाने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. एका फर्मला गुणवत्तेत ९० गुण आहेत आणि तिची फी २४ लाख आहे. दुसरीला ७० गुण, फी १५ लाख. सर्वांत कमी फीला किमतीचे १०० गुण, म्हणून दुसरीला १०० आणि पहिलीला १५ भागिले २४ गुणिले १००, म्हणजे ६२.५. वजन ८०-२० ठेवले तर पहिलीचे एकूण ७२ अधिक १२.५ म्हणजे ८४.५ आणि दुसरीचे ५६ अधिक २० म्हणजे ७६. तेच वजन ५०-५० ठेवले तर पहिली ७६.२५ आणि दुसरी ८५. फर्म त्याच, निकाल उलटा. वजन ठरवणे हाच खरा निर्णय आहे. तो लेखा विभागाच्या साच्यावर सोडू नका.

गुणवत्तेचे गुण कशाला द्यायचे? फर्मची उलाढाल आणि कार्यालयांची संख्या यांना फार महत्त्व देऊ नका. काम फर्म करत नाही, तिच्यातली दोन-तीन माणसे करतात. त्या माणसांची नावे प्रस्तावात मागा. सादरीकरणाला ज्येष्ठ भागीदार येतो आणि काम सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या अनुभवाची व्यक्ती फोन करते, ही या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे. म्हणून विचारा : उमेदवारांना पहिला फोन कोण करणार? या घडीला त्या व्यक्तीच्या हातात आणखी किती शोध आहेत? सरकारी किंवा नियमनाखालच्या संस्थेसाठी तिने स्वतः कोणते काम केले, आणि तिथे नेमलेली माणसे दोन वर्षांनी टिकली का? मागच्या दोन ग्राहकांना तुम्ही स्वतः फोन करा. निवड समितीच्या सदस्यानेच तो करावा, कनिष्ठ कर्मचाऱ्याने नव्हे.

एक प्रश्न नवख्यांच्या लक्षात येत नाही. सर्च फर्म आपल्या ग्राहक कंपन्यांतून माणसे उचलत नाही, असे तिने त्यांना लिहून दिलेले असते. त्या कंपन्या तिच्यासाठी बंद असतात. तुम्हाला मेट्रोचा प्रमुख हवा आहे आणि देशात ते काम जाणणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी निम्म्या फर्मच्या ग्राहक आहेत, तर तिचे जाळे कितीही मोठे असो, ती निम्म्या समुद्रातच मासे पकडणार. बंद कंपन्यांची यादी प्रस्तावासोबत लेखी घ्या. मोठी फर्म इथे कधी कधी मागे पडते आणि छोटी पुढे जाते.

पाचवी पायरी : करार

करारात काही गोष्टी हट्टाने घाला. नावाने ठरलेला प्रमुख सल्लागार बदलायचा असेल तर तुमची पूर्वपरवानगी. तुमच्याच अधिकाऱ्यांना दुसऱ्या ग्राहकासाठी न उचलण्याची हमी, किमान दोन वर्षे. निवडलेली व्यक्ती वर्षाच्या आत सोडून गेली किंवा काढावी लागली तर नव्या फीशिवाय पुन्हा शोध. उमेदवाराकडून फर्मने एक पैसाही न घेणे. एकाच उमेदवाराला त्याच वेळी दुसऱ्या ग्राहकाकडे न पाठवणे.

माहितीच्या गोपनीयतेला स्वतंत्र कलम द्या. उमेदवारांचे कागद फर्मकडे असले तरी ते तुमच्या नियंत्रणाखालचे मानले जाऊ शकतात, आणि मग माहितीचा अधिकार अधिनियम २००५ तिथवर पोहोचतो. कोणते कागद फर्मने तुमच्या हवाली करायचे, कोणते नष्ट करायचे आणि केव्हा, हे लिहा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही विधी सल्लागाराकडून तपासून घ्या. तत्त्व साधे ठेवा. प्रक्रिया, निकष, फी आणि निवडलेल्याची पात्रता उघड. न निवडलेल्यांची नावे आणि वैयक्तिक तपशील बंद.

हप्ते असे सुचवतो : उमेदवार-प्रोफाइल आणि शोधाचा आराखडा मंजूर झाल्यावर २० टक्के, पहिली मोठी यादी सादर झाल्यावर ३०, अंतिम यादीच्या मुलाखती पार पडल्यावर ३० आणि रुजू होऊन सहा महिने झाल्यावर उरलेले २०. प्रत्येक हप्त्यामागे हातात धरता येईल असा कागद असावा, म्हणजे लेखापरीक्षणाला उत्तर देणे सोपे जाते.

सहावी पायरी : जाहिरात आणि शोध, दोन्ही

फर्म नेमली म्हणून जाहिरात टाळू नका. सार्वजनिक नोकरीत समान संधी हा घटनेच्या कलम १६ चा गाभा आहे आणि मागच्या दाराने झालेल्या नेमणुकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात काय म्हटले ते प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने वाचायला हवे. एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक, संस्थेचे संकेतस्थळ, किमान तीन ते चार आठवड्यांची मुदत. फर्मने ज्यांना स्वतःहून गाठले त्यांनीही त्याच नमुन्यात आणि त्याच तारखेच्या आत अर्ज करायचा. इथे मोठ्या पदावरची मंडळी कुरकुर करतात. “मला बोलावलंय, मी अर्ज कशाला करू?” फर्मच्या सल्लागाराने त्यांना समजावून सांगणे हा तिच्या कौशल्याचाच भाग आहे.

मुंबई या बाबतीत लहान शहर आहे. सकाळी बीकेसीत कुणी कुणाला भेटले ते दुपारी फोर्टात कळते. नाव फुटले तर खासगी कंपनीतला उमेदवार अडचणीत येतो आणि सरकारी अधिकाऱ्याची बदलीही होऊ शकते. म्हणून मोठ्या यादीपर्यंत टिपणीत नावांऐवजी क्रमांक वापरा, यादी ईमेलने फिरवू नका आणि मुलाखती कार्यालयाबाहेर, दोन उमेदवार समोरासमोर येणार नाहीत अशा अंतराने ठेवा.

सातवी पायरी : यादी वाचताना

पहिली यादी साधारण २० ते ३० नावांची असते. तिच्यासोबत नाकारलेल्यांचा आणि नकार देणाऱ्यांचाही तक्ता मागा. ‘वेतन कमी’, ‘मुंबईत घर परवडत नाही’, ‘अधिकार अपुरे’, ‘मुलांचे बारावीचे वर्ष’ ही नकाराची कारणे सोन्यासारखी असतात. दहापैकी सात जण अधिकार अपुरे म्हणत असतील तर प्रश्न उमेदवारांचा नाही, तुमच्या पदाचा आहे, आणि तो बोर्डापुढे न्यायला हवा.

यादीत फक्त निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे अधिकारी असतील, किंवा एकही स्त्री नसेल, तर ती परत पाठवा आणि कुठे कुठे शोधले ते विचारा. बोर्डाच्या सदस्याने एखादे नाव सुचवले तर ते फर्मकडे लेखी द्या, कुणी सुचवले त्याची नोंद करा आणि त्या सदस्याला त्या उमेदवाराच्या मूल्यमापनातून बाजूला ठेवा. हे सांगणे अवघड जाते. पहिल्याच बैठकीत हितसंबंध जाहीर करण्याचा नमुना सगळ्यांकडून भरून घेतला तर तेवढे अवघड राहत नाही.

आठवी पायरी : मुलाखत आणि चौकशी

चार ते सहा जणांची अंतिम यादी पुरे. निवड समिती पाच जणांची ठेवा आणि त्यात बाहेरचा एक विषयतज्ज्ञ असू द्या. अर्ध्या तासाच्या गप्पांवर प्रमुख निवडू नका. प्रत्येकाला तोच गोपनीय नसलेला कागद, उदाहरणार्थ संस्थेचा वार्षिक अहवाल आणि एक खरी अडचण, आठवडाभर आधी द्या आणि समितीपुढे ४५ मिनिटे मांडणी करायला सांगा. गुणपत्रिका आधी छापलेली असावी, प्रत्येक सदस्याने स्वतंत्र भरावी आणि चर्चेपूर्वी सही करून द्यावी. अध्यक्षांचे मत आधी कळले की बाकीचे गुण त्याच दिशेने सरकतात.

चौकशी दोन प्रकारची. उमेदवाराने दिलेल्या नावांशी बोलणे हा सोपा भाग. खरी माहिती त्याच्या हाताखाली काम केलेल्यांकडून, पुरवठादारांकडून, कामगार संघटनेकडून मिळते. पण उमेदवाराच्या संमतीने आणि शेवटच्या दोघांपुरतीच. सरकारी नोकरीतून येणाऱ्यासाठी दक्षता विभागाचा दाखला लागतो. खासगीतून येणाऱ्यासाठी पदव्या, न्यायालयीन खटले, संचालक म्हणून अपात्रता आणि कर्जफेड तपासा. मराठी आणि इतर स्थानिक वृत्तपत्रांतल्या बातम्या पाहायला फर्मला वेगळे सांगा. दिल्ली-बंगळुरूच्या चमूला इंग्रजी बातम्या सापडतात, पण ज्या जिल्ह्यात उमेदवाराने प्रकल्प राबवला तिथला जुना वाद तिथल्या दैनिकातच छापून आलेला असतो.

नववी पायरी : प्रस्ताव, घर आणि रुजू होणे

वाटाघाटी कोण करणार ते एका माणसावर सोपवा, बहुधा समितीच्या अध्यक्षांवर. फर्म मध्यस्थ राहील, आश्वासने देणार नाही. मान्य कक्षेबाहेरचा एकही शब्द तोंडी जाऊ नये. वेतनात सरकारी संस्था खासगी कंपनीशी बरोबरी करू शकत नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलेले बरे. जे देता येते ते मात्र पक्के द्या : तीन किंवा पाच वर्षांची निश्चित मुदत, स्वतःचा वित्त आणि प्रकल्प प्रमुख निवडण्यात मत, आणि घर. मुंबईत बाहेरून येणाऱ्या कुटुंबासाठी घर हा पगाराइतकाच मोठा मुद्दा असतो. शासकीय निवासस्थान मिळणार की भाड्याची रक्कम, ते नेमणुकीच्या पत्रात लिहा. शाळेतले प्रवेश कधी होतात ते पाहून रुजू होण्याची तारीख ठरवली तर अनेक अडचणी मिटतात.

शेअर आणि इतर हितसंबंध जाहीर करणे, मुदत संपल्यावर तुमच्या कंत्राटदाराकडे लगेच नोकरी न धरणे, दोन्ही बाजूंची नोटीस आणि कामगिरीचे वार्षिक मोजमाप हे करारात असावे. मोजमापाचे निकष दुसऱ्या पायरीतल्या त्या एका पानावरून जसेच्या तसे घ्या. न निवडलेल्या अंतिम उमेदवारांना समितीच्या अध्यक्षांनी स्वतः फोन करावा. पत्र नंतर जाईल. तीन वर्षांनी तुम्हाला पुन्हा याच लोकांकडे जावे लागेल.

नवीन प्रमुख रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात विभागाचे सचिव, भागीदार संस्था, कर्मचारी संघटना आणि मोठे कंत्राटदार यांच्या भेटी तुम्हीच ठरवून द्या. फर्मच्या सल्लागाराने तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात प्रमुखांशी आणि अध्यक्षांशी वेगवेगळे बोलून दोन पानांचा अहवाल द्यावा. तो अहवाल बोर्डापुढे ठेवून मगच शेवटच्या २० टक्क्यांचे बिल मंजूर करा.